गोणपाटाचा तुकडा

१९५६ सालच्या ऑक्टोबर महिन्याची सोळावी तारीख होती. पावसाळा नुकताच सरला होता. वैनगंगेच्या खोऱ्यात धान लोंबीवर आले होते आणि रानातील साग अजून हिरवागार होता. त्या दिवशी चांदा शहराकडे जाणाऱ्या वाटांवर माणसांची रीघ लागली होती. चांदा म्हणजेच आजचे चंद्रपूर. त्या काळी चांदा जिल्हा फार विस्तीर्ण होता. आजचा गडचिरोली जिल्हाही त्याच्याच पोटात होता. तो वेगळा झाला १९८२ साली. अशा ह्या दूरवर पसरलेल्या अरण्यप्रदेशातील शेतकरी, शेतमजूर आणि विणकर आपली कामे बाजूला ठेवून, मुलाबाळांसह, एका थोर पुरुषाला पाहावयास आणि ऐकावयास निघाले होते.

ते थोर पुरुष म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. सारे लोक त्यांना प्रेमादराने बाबासाहेब म्हणत. दोनच दिवसांपूर्वी, १४ ऑक्टोबरला, नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि लाखो अनुयायांना दिली होती. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे हे त्यांचे चांद्याचे निष्ठावंत सहकारी. त्यांच्या पुढाकाराने चांद्यासही तसाच समारंभ योजण्यात आला होता. बाबासाहेबांची प्रकृती त्या वेळी पार खालावली होती. तरीही एवढा प्रवास करून ते आले, आणि जमलेल्या विशाल जनसमुदायाला त्यांनी दीक्षा दिली. त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

त्या समुदायातील बहुतेकांच्या नशिबी शाळा आली नव्हती. ज्या थोड्यांना ती लाभली, त्यांतील अनेकांना शाळेतील आपली जागा ठाऊक होती. ती जागा इतर मुलांपासून दूर असे. कोठे कोपऱ्यात, कोठे ओसरीवर, तर कोठे दाराबाहेर. आपल्यासमोर उभा असलेला हा जगद्विख्यात पंडितही एके काळी असाच दूर बसून शिकला आहे, हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांच्या शब्दावर त्यांचा एवढा विश्वास होता.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षकाचे काम करीत. सेवानिवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीस व नंतर साताऱ्यास राहू लागले. साताऱ्यातच भीमरावांची आई भीमाबाई निवर्तल्या. पोर वयातच त्यांचे मातृछत्र हरपले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले.

शाळेत नाव दाखल झाले, पण वर्गात जागा मिळाली नाही. भीमराव ज्या महार जातीत जन्मले, तिला त्या काळी समाज अस्पृश्य मानीत असे. त्यांना वर्गाच्या एका कोपऱ्यात एकट्याने बसावे लागे. बसण्यासाठी घरून एक गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून सायंकाळी तो पुन्हा घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायचा. इतर मुले तहान लागली की गुरुजींची परवानगी घेऊन नळावर जात. भीमरावांना नळाला हात लावण्याची मोकळीक नव्हती. शाळेचा शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी; शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहायचे. त्यांना जीव लावणारे शिक्षकही त्या शाळेत होते, नाही असे नाही. पण रूढीपुढे त्यांचेही हात बांधलेले होते.

मुलांनो, ह्या प्रसंगाचा जरा शांतपणे विचार करा. गुरुजी तेच होते, धडे तेच होते. कोणी म्हणेल, मग त्या मुलाचे असे काय बिघडले? बिघडले ते असे की, रोज त्या गोणपाटावर बसताना एक न लिहिलेला धडा त्याला शिकावा लागत होता. तू इतरांसारखा नाहीस, हा तो धडा. कोवळ्या मनावर त्याचा वळ उठतो आणि तो पुष्कळदा जन्मभर जात नाही. भीमरावांचे असामान्यत्व हे की, त्या धड्याने ते खचले नाहीत. तो धडाच खोटा आहे हे सिद्ध करावयाचे, असा त्यांनी जणू पण केला.

पुढे हे कुटुंब मुंबईस आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले. एकदा गुरुजींनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव जागेवरून उठतात तोच वर्गात एकच गलबला झाला आणि मुलांनी धावत जाऊन आपापले डबे उचलून घेतले. संस्कृत शिकण्याची त्यांना मोठी हौस होती. पण त्यांना ती भाषा शिकविण्यास नकार मिळाला, तेव्हा त्यांनी फार्सी घेतली. पुढे मोठेपणी संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने केला. १९०७ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्या साहाय्याने त्यांनी पदवी मिळविली आणि १९१३ साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांना कोणी वेगळे बसविले नाही. सेलिग्मन, जॉन ड्यूई ह्यांच्यासारख्या थोर प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी अर्थशास्त्र व तत्त्वज्ञान ह्यांचा कसून अभ्यास केला. परंतु त्याच अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या मुलांना गोऱ्या मुलांच्या शाळेत पाऊल ठेवता येत नव्हते. आपल्याकडे मुलाला कोपऱ्यात बसविणारी ती रूढी होती; तेथे तर तो कायदाच होता. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीच्या डब्यांविषयीच्या एका खटल्यात असा निर्णय दिला होता की, सोयी सारख्या असतील तर दोन वर्णांच्या लोकांना वेगळे ठेवण्यास हरकत नाही. त्याच निर्णयाच्या आधारावर पुढे शाळाही वेगळ्या राहिल्या. सोयी मात्र सारख्या कधीच नव्हत्या. अमेरिकेतील ह्या वंचितांविषयी बाबासाहेबांना पुढेही आस्था वाटत राहिली. १९४६ साली त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून, त्यांच्या बांधवांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाला सादर झालेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या.

अमेरिकेनंतर लंडनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्राच्या उच्च पदव्या संपादन केल्या आणि बॅरिस्टर होऊन १९२३ साली ते स्वदेशी परतले. आता त्यांच्या हाती कायद्याचे शस्त्र आले होते. तथापि कायद्याचे पुस्तक उघडून पाहता त्यांना असे दिसून आले की, कागदावरचा न्याय आणि गावातला न्याय ह्यांत फार अंतर आहे.

ह्याचे एक जुने उदाहरण त्यांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनात सविस्तर दिले होते. १८५६ साली धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी शाळेतील बाकीची मुले गमवावी लागतील, अशी सबब त्यामागे होती. हे प्रकरण वरपर्यंत गेले. अखेर १८५८ साली विलायतेतील वरिष्ठ संचालकांनी ठरविले की, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना भेदभावाविना खुल्या असल्या पाहिजेत. निर्णय तर उत्तम झाला. पण त्यानंतर ४२ वर्षांनी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एक मुलगा गोणपाट घेऊन जातच होता! निर्णय झाला म्हणजे काम झाले असे नव्हे, ही गोष्ट बाबासाहेबांनी मनात पक्की धरली.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले ह्यांनी मांडलेला एक ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना वापरू द्यावे, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले. परंतु तेथे जाऊन पाणी भरण्यास कोणी धजत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह शांतपणे तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्याले. त्यांच्यामागून सर्वांनी पाणी प्याले. त्यानंतर गावातील काही लोकांनी निःशस्त्र जमावावर हल्ला केला. अनुयायांची संख्या मोठी होती. त्यांनी मनात आणले असते तर प्रतिकार करणे कठीण नव्हते. परंतु बाबासाहेबांनी त्यांना आवरून धरले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाडच्या काही सवर्ण गृहस्थांनी बाबासाहेबांविरुद्ध दिवाणी दावा गुदरला. तळे खाजगी असून अनादि कालापासून ते आमच्याच उपयोगासाठी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने दाव्याचा निकाल लागेपर्यंत मनाईहुकूम दिला. इकडे २५ डिसेंबरला हजारो सत्याग्रही पुन्हा महाडास जमले होते आणि तळ्यावर जाण्यास उतावीळ झाले होते. काय करावे? एका बाजूस लोकांचा उत्साह होता आणि दुसऱ्या बाजूस न्यायालयाचा हुकूम. बाबासाहेबांनी लोकांची समजूत घातली. मिरवणूक तळ्याभोवती फिरली, पण पाण्याला कोणीही स्पर्श केला नाही. आपला पक्ष न्यायाचा आहे, तो न्यायासनापुढेच सिद्ध होईल, अशी त्यांची श्रद्धा होती.

ती श्रद्धा कसोटीस लागली. निकालासाठी थोडेथोडके दिवस नव्हे, तर सव्वानऊ वर्षे वाट पाहावी लागली. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. प्रतिपक्षाने ठाणे येथे अपील केले. १९३३ साली तेही फेटाळले गेले. मग प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया ह्यांनी अखेरचा निर्णय दिला. तळे खाजगी नाही हे ठरले. अस्पृश्य तेथे पूर्वी जात नव्हते, एवढ्यावरून त्यांना अडविण्याचा हक्क कोणाला प्राप्त होत नाही, आणि तशी अनादि कालापासूनची रूढी असल्याचेही सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. एका ओंजळभर पाण्याचा हक्क पुराव्यानिशी शाबीत झाला.

ह्या विजयाने बाबासाहेबांना आनंद झाला असेल, परंतु त्यांच्यासारख्या विधिज्ञाच्या नजरेतून एक गोष्ट सुटणे शक्य नव्हते. रूढी सिद्ध झाली नाही म्हणून दावा फेटाळला गेला होता. उद्या दुसऱ्या एखाद्या गावी कोणी ती सिद्ध करून दाखविली तर? प्रत्येक तळ्यासाठी, प्रत्येक शाळेसाठी नऊ नऊ वर्षे भांडायचे काय? झाडाची एकेक फांदी तोडण्यापेक्षा मुळावरच घाव घालणे आवश्यक होते.

ती संधी त्यांना स्वतंत्र भारताने दिली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीची स्थापना झाली आणि तिचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. प्रकृतीची तमा न बाळगता त्यांनी हे काम पार पाडले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले व २६ जानेवारी १९५० पासून ते संपूर्ण अंमलात आले. त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. कोणत्याही रूपात ती पाळण्यास मनाई झाली. एकोणतिसाव्या अनुच्छेदात असे सांगितले आहे की, शासनाने चालविलेल्या किंवा शासनाच्या पैशातून साहाय्य मिळणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा ह्या कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही. आता रूढी अनादि असो की कालची, तिच्या वयाला कायद्यात किंमत उरली नाही.

ह्या अनुच्छेदाची परीक्षा लवकरच झाली, आणि तीही आपल्याच महाराष्ट्रात. नाशिकजवळ देवळाली येथे बार्न्स हायस्कूल नावाची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. १९५४ च्या जानेवारीत त्या वेळच्या मुंबई सरकारने हुकूम काढला की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरील वंशाचे नागरिक ह्यांच्याखेरीज इतरांना नव्याने प्रवेश देऊ नये. देशी भाषांची वाढ व्हावी हा त्यामागील हेतू होता. पण परिणाम असा झाला की शाळेचे दार वंश पाहून उघडू लागले. मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरविला आणि २६ मे १९५४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. हेतू चांगला असला तरी मुलाला वंशावरून दाराबाहेर ठेवता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

योगायोग असा की, ह्याच्या नऊच दिवस आधी, १७ मे १९५४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक ऐतिहासिक निर्णय दिला होता. कॅन्सस राज्यातील टोपेका गावचे ब्राउन नावाचे गृहस्थ आणि त्यांच्यासारखे अनेक पालक आपल्या मुलांसाठी न्यायालयात गेले होते. थर्गुड मार्शल ह्या कृष्णवर्णीय वकिलांनी त्यांची बाजू मांडली. मुख्य न्यायमूर्ती अर्ल वॉरन व त्यांचे आठही सहकारी ह्यांनी एकमताने ठरविले की, वर्णावरून वेगळ्या केलेल्या शाळा स्वभावतःच असमान असतात; इमारती, पुस्तके व शिक्षक सारखे असले तरीही मुलाला वेगळे काढल्याने त्याच्या मनात हीनतेची भावना रुजते. साताऱ्याच्या शाळेतील कोपऱ्यात बसलेल्या मुलाने जे अर्धशतकापूर्वी अनुभवाने जाणले होते, ते नऊ न्यायमूर्तींनी निकालपत्रात लिहिले. बाबासाहेबांच्या हयातीतच हे घडले.

पण तेथेही निर्णयाने सारे काम झाले नाही. १९५७ साली आर्कान्सास राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोचविण्यासाठी सैन्य बोलवावे लागले. न्यायालय शाळेचे दार उघडू शकते. शेजारच्या मुलाने बाकावर सरकून जागा द्यावी, हे मात्र ते पाहू शकत नाही.

बाबासाहेबांना ह्याची पूर्ण जाणीव होती. म्हणूनच ते केवळ कायदे करून थांबले नाहीत. त्यांनी विद्यालये काढली. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादेस त्यांच्या महाविद्यालयाची स्थापना झाली. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. ज्यांना कोपऱ्यात बसविले गेले, त्यांच्यासाठी ही महाविद्यालये प्रामुख्याने होती. पण त्यांची दारे सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडी होती. ज्याला आयुष्यभर वेगळे काढण्यात आले, त्याने दुसऱ्या कोणालाही वेगळे काढले नाही. त्यांच्या थोरवीचे हे लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता पुन्हा चांद्याकडे वळू. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी जेथे तो समुदाय जमला होता, ती जागा आज दीक्षाभूमी म्हणून ओळखली जाते. तेथेच आज डॉ. आंबेडकरांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे. त्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून आलेल्या मुलांची नातवंडे आता चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील शाळांतून शिकत असतील. ब्रह्मपुरीच्या भातशेतीतील, अहेरीच्या रानातील, थेट प्राणहिताकाठच्या सिरोंच्यातील शाळांमध्ये गोंड, माडिया, कुणबी, बौद्ध, मुसलमान अशा सर्व घरांतील मुले एका ओळीत बसून एकच धडा वाचतात. ही ओळ आपोआप तयार झालेली नाही. ती आखण्यासाठी एका माणसाने उभे आयुष्य वेचले आहे.

७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव पटावर चढले तो हा दिवस. त्या दिवशी तुम्ही त्यांच्या तसबिरीला हार घालाल, भाषणे कराल. ते योग्यच आहे. पण त्याआधी आपल्या वर्गावर एकदा नजर फिरवा. आपल्यापैकी कोणी भाषेमुळे, जातीमुळे, गरिबीमुळे अथवा अंगातील साध्या कपड्यांमुळे कोपऱ्यात एकटा बसलेला नाही ना, हे पाहा. असल्यास थोडे सरकून त्याला आपल्या शेजारी बसवा. न्यायालयांनी आणि संविधानाने जे काम आपल्यासाठी राखून ठेवले आहे, ते एवढेच आहे.